पाण्यावरची येळवस

इथले बहुतेक अनुभव मी वाचतो. आणि खाली कमेंटमध्ये 'हा निव्वळ भास आहे, झोप पूर्ण करा' असं लिहून शिव्या खाणारा जो एक माणूस असतो ना… तो मी. त्यामुळे आज माझ्याच आयडीवरून अनुभव आलेला बघून काही जणांना हसू फुटेल. हसा, तुमचा हक्कच आहे. मी लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. भानामती, अंगात येणं, चकवा लागणं… यातलं मी आजवर काही मानलं नाही, आणि खरं सांगतो, अजूनही मानत नाही. पण गेल्या येळवसेला आमच्या होडीचं जे झालं ते फळ्यावर मांडायला गेलो की खडू हातातच राहतो.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. अमावस्या म्हटल्याबरोबर काहींचे कान टवकारले असतील, पण आमची ही अमावस्या भर उन्हात, भरल्या पोटी साजरी होते. मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, कारण जो तो रानात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड – म्हणजे पांडव – मांडायचे, भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर खायची, आणि ज्याला रान नाही त्याला हाताला धरून आपल्या रानात जेवायला न्यायचं. जेवणाआधी घरातला मोठा माणूस खांद्यावर घोंगडी टाकून, हातात आंबिलीचं मडकं घेऊन बांधाबांधाने रानाला फेरी घालतो. आंबील म्हणजे ताकातलं आंबवलेलं ज्वारीचं पीठ. ती शिंपडत जायचं आणि म्हणायचं – "ओलगे ओलगे, सालम पोलगे." याचा अर्थ मला विचारू नका. कानडी आहे म्हणतात. आम्ही फक्त ओरडतो.

आता आमचे नाना. माझे वडील, ऐंशीच्या घरात. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, बाकी माणूस ठणठणीत आणि तोंडाने फटकळ. मी चौथीत असताना आमचं मुखेडकडचं रान धरणात गेलं. धरणाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर येत्या रविवारी तुमच्या गाड्या येऊन उभ्या राहतील. नंतर नानांनी चाकूरजवळ दुसरं रान घेतलं. ते चुलतभाऊ बघतो, येळवस तिथेच होते. नाना येतात, पोटभर जेवतात, पण आंबिलीचं मडकं कधी हातात घेत नाहीत. भावाकडे देतात. जवळजवळ चाळीस वर्षं हेच चाललंय.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काही रानं उघडी पडतात. लोक बघायला जातात. नाना एकदाही गेले नाहीत. "मेलेल्याचं तोंड सारखं बघू न्हाई," म्हणायचे. आणि गेल्या दिवाळीत, ओसरीवर शेंगा फोडत बसले असताना, एकदम म्हणाले, "माधवा, त्या साली पानी लई लवकर आलं. येळवस न्हाई झाली. रानाला येतो म्हनलंच न्हाई बघ मी. घरातून निघताना परक्याला सुदिक आपन येतो म्हनतो…" आणि परत शेंगा फोडायला लागले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. बाप कधी काही मागत नाही आणि मागतो तेव्हा हे असं.

आता होडीकडे येतो. दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, मुखेडच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा. ज्या तालुक्यात चैत्रापासून टँकरची वाट बघतात तिथला हा गडी नौदलात गेला, उभं आयुष्य पाण्यावर काढलं आणि रिटायर होऊन गावी आला. पण त्याला काही चैन पडेना. मग त्याने प्लायवूड आणि फायबरची एक छोटी शिडाची होडी घरच्या अंगणात बनवली. इंजिन नाही. इंजिन लावलं की होडीचा ट्रॅक्टर होतो, असं त्याचं म्हणणं. तिसरा रफीक. नांदेडला त्यांचा मंडपाचा पिढीजात धंदा. दिगूच्या होडीचं शीड त्यानेच शिवलं, जुन्या मंडपाच्या कापडातून, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. होडी पहिल्यांदा पाण्यात गेली तेव्हा मासे धरणाऱ्या एका बाईने विचारलं होतं, नवरी कोणत्या गावची म्हणून.

या दोघांबरोबर मी एकदा कोकणातही जाऊन आलो होतो. दिगूच्या दोस्ताची होडी, खाडीचं शांत पाणी, दोन दिवसांची सफर. दिगू सुकाणू धरून गाणी म्हणत होता, रफीक डोळे मिटून बसला होता आणि मी बहुतेक वेळ बाहेर वाकून होतो. तरी सांगतो, तसे दोन दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. शिडाची होडी कशी चालते ते मी तिथे शिकलो. तोवर नुसतं शिकवत होतो.

तर मी दिगूला म्हटलं, नानांना त्यांच्या रानावर नेऊ या. पाणी तर पाणी. वरूनच आंबील शिंपडतील. दिगूला कल्पना एकदम पसंत पडली. अडचण एकच होती. रान नेमकं कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पोर होतो, गाव उठून चार दिशांना गेलेलं, आणि धरण भरलं की सगळीकडे सारखंच पाणी दिसतं. नानांना विचारलं तर म्हणाले, "वढ्याच्या वर, पिराच्या टेकाडाच्या खाली." ओढा पाण्यात, टेकाडही पाण्यात.

मग मी ठरवलं… म्हणजे आम्ही तिघांनी ठरवलं. धरणाच्या भिंतीपासून जवळच एक आडोशाची जागा आहे. दोन्हीकडे टेकाडं, मध्ये शांत पाणी, अगदी त्या खाडीसारखं. तिथेच एक गोल फेरी मारायची आणि सांगायचं, नाना, हेच आपलं रान. त्यांना दिसत तर नाही. म्हाताऱ्या माणसाला लांब भर पाण्यात न्यायला नको आणि त्यांचं मनही राहील.

रफीक तेवढा कुरकुरला. "यार सर, देवाच्या कामात झूट कशाला? नाना मला पोरासारखं जेवू घालतेत."

"मग तू सांग रान कुठाय ते," मी म्हटलं.

येळवसेच्या सकाळी आम्ही निघालो. नाना पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी आणि वर दिगूने सक्तीने घातलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. "ही बंडी कुनाची रे? लई आखूड हाय," म्हणाले. मांडीवर आंबिलीचं मडकं. रफीकच्या अम्मीने भज्जीवर डोळा ठेवून रिकामा डबा पाठवला होता, तोही होडीत. दिगू सुकाणूवर, रफीक शिडाच्या दोरीवर आणि मी नानांच्या मागे, त्यांची कंबर धरून. दिगू कुठेही गेला तरी मोबाईलवर होडीची वाट नोंदवत राहतो, नकाशावर निळी रेघ उमटत जाते. ती नौदलाची खोड. त्या दिवशीही त्याने फोन चालू करून खिशात टाकला.

वारा बेताचा होता. काठाकाठाने सगळ्या रानांत कोपी उभ्या, चुली पेटलेल्या, धूर सगळा एकाच बाजूला, भिंतीकडे कललेला. हे लक्षात ठेवा.

आडोशाच्या जागेपाशी आलो तसं दिगूने सुकाणू वळवलं. होडी वळली नाही. त्याने पुन्हा वळवलं. मी मागे पाहिलं तर त्याच्या कपाळाला आठ्या. "सुकाणू ऐकंना गेलंय," तो हळूच म्हणाला. मला वाटलं, गवत अडकलं असेल. रफीकने शीड सोडून बघितलं, ओढून बघितलं. होडी आपली सरळ, एका चालीने, आत भर पाण्याकडे. भीती वाटावी असा वेग नव्हता. बैलगाडी घरच्या वाटेला लागली की गाडीवान झोपला तरी चालतं, तशी ती चालली होती.

"आलं का रे रान?" नानांनी विचारलं.

मी दिगूकडे बघितलं. दिगूने खांदे उडवले. इतक्यात होडीची चाल मंदावली. मी म्हटलं, चला, इथेच उरकू. "आलं नाना. हेच."

नाना सावरून बसले. घोंगडी नीट केली. मडक्यात हात घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ओलगे ओलगे…"

"सालम पोलगे," आम्ही तिघं ओरडलो. रफीक सगळ्यात मोठ्याने.

आणि होडी निघाली. सरळ रेषेत. वारा माझ्या डाव्या गालावर, शीड उजवीकडे फुगलेलं. नाना आंबील शिंपडत होते आणि मधेच बोलत होते, "आता आंब्याचा कोपरा." ते बोलले आणि होडी उजवीकडे वळली. काटकोनात. मी दिगूकडे वळून बघितलं. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. सुकाणूला त्याचा हातच नव्हता.

ज्यांना होडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वारा आपली दिशा धरून असतो. होडी वळली की तो दुसऱ्या अंगाने लागतो आणि शीड फिरवून घ्यावं लागतं. आणि समोरून वारा असेल तर शिडाची होडी तिकडे जातच नाही, नागमोडी जावं लागतं. आमची होडी दुसऱ्या बाजूला वळली तरी वारा माझ्या डाव्याच गालावर. "आता पाटाचा कोपरा," नाना म्हणाले. होडी वळली. वारा डाव्याच गालावर. शीड सबंध फेरीत एकदाही फिरवावं लागलं नाही. रफीक दोरी नुसती हातात धरून बसला होता, पतंग उडवणाऱ्या पोराजवळ चकरी धरून उभं राहावं तसा.

मी काठाकडे बघितलं. चुलींचा धूर सगळीकडे भिंतीकडेच कललेला. म्हणजे काठावरचा वारा होता तिथेच होता. फिरत होता तो फक्त आमच्यापुरता.

तिसऱ्या बाजूला नाना म्हणाले, "हितं बांध आत शिरतो. भाऊबंदाची हीर हाय." होडी आत वळली, थोडी गेली, पुन्हा बाहेर वळली आणि परत सरळ. रफीक पुटपुटायला लागला. मी नानांची कंबर इतकी घट्ट धरली की ते म्हणाले, "अरे, सोड की. पडत न्हाई मी."

"आता येशीचा कोपरा." वळलो ती चौथी बाजू. आणि जिथून सुरुवात केली साधारण तिथेच येऊन होडी थांबली. शीड सैल पडलं. वारा गेला. आता खरा वारा लागला, उजव्या गालावर, काठावरच्या धुराशी जुळणारा.

मला भीती वाटली का? नाही. विचित्र आहे, पण तिथे भीती वाटण्यासारखं काहीच नव्हतं. मला भरून आलं होतं. मी वाट बघत होतो की नाना आता ते म्हणतील. येतो म्हणून. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण नाना काही बोलले नाहीत. मडकं पालथं करून उरलेली आंबील पाण्यात सोडली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "चला, भुका लागल्या आसतील तुमाला." दिगूने सुकाणू धरलं. ते आता मुकाट ऐकत होतं.

मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मनाशी म्हटलं, इतकं करून म्हातारा चार अक्षरं बोलला नाही.

पुढचे काही महिने मी स्वतःची समजूत घालत राहिलो. दोन टेकाडांमधून वारा भोवऱ्यासारखा फिरू शकतो. सुकाणूत गवत अडकून सुटू शकतं. नानांना पाण्याच्या आवाजावरून, उन्हाच्या उबेवरून जागेचा अंदाज आला असेल आणि दिगूने नकळत हाताने साथ दिली असेल. माणूस नकळत बरंच काही करतो. दिगूला हे बोललो तर तो चिडला. "आयुष्य गेलं माझं सुकाणूवर. माझा हात कुठं होता ते मला ठाव न्हाई व्हय?"

मग वैशाख आला. पाणी उतरलं. एका दुपारी दिगूचा फोन. मी वर्गातून नुकताच आलेलो, फोन स्पीकरवर टाकला आणि पाणी प्यायला लागलो. दिगू म्हणाला, "सर, आपली ती निळी रेघ हाय ना मोबाईलमधी… तिथं रान उघडं पडलंय. बांध दिसायलाय. येऊन बघ."

मी काही बोलायच्या आत ओसरीवरून आवाज आला, "मी बी येतो."

पायाखाली माती आली की म्हाताऱ्याला कळणार. आणि ते आपलं रान नसलं तर आपल्या पोराने देवाच्या कामात आपल्याला फसवलं, हेही कळणार. मी उन्हाचं कारण सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं. नाना तोवर चप्पल शोधत होते.

गाळ सुकून भेगाळलेला होता. दिगूने फोन माझ्या हातात दिला. नकाशावर येळवसेची निळी रेघ आणि आम्ही म्हणजे एक छोटा ठिपका. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बांधाने निघालो. ठिपका रेघेवरून चालला होता. रेघ वळली तिथे बांध वळला. नाना पायाने चाचपडत होते. तिथे एक जाड, काळं पडलेलं खोड होतं. नाना वाकले, दोन्ही हातांनी त्याला सगळीकडून चाचपलं.

"आंबा," म्हणाले.

पुढच्या कोपऱ्यावर पाटाचे दगड. तिसऱ्या बाजूला रेघ आत शिरली तसा बांधही आत शिरला आणि तिथे गाळाने भरलेली विहीर, नुसतं वरचं कडं दिसणारी. मी फोनकडे बघणं बंद केलं. गरज उरली नव्हती.

नाना तिथेच बांधावर बसले. बराच वेळ माती मुठीत घेऊन चुरत होते. मग म्हणाले, "माधवा, हे तर खरंच आपलं रान हाय की रे."

"नाना, त्या दिवशी तुम्हीच तर एकेक कोपरा सांगत होता…"

"मी?" नाना हसले. "डोळे गेलेत माझे, कान न्हाई गेले. तुमी तिघं आठ दिस काय कुजबुजायलालात, ते काय मला कळत नव्हतं? मला ठाव व्हतं, तू मला काठाला फिरवून आनतूस. म्हनलं, पोरगं एवढं करायलंय, त्याचं मन कशाला मोडा. म्हनून घेत गेलो नावं. दर साली ज्या चालीनं घ्यायचो, त्याच चालीनं. तुला बरं वाटावं म्हनून."

म्हणजे होडीत आम्ही त्यांची समजूत काढत होतो आणि ते आमची. त्यांना जागा कळली वगैरे काही नव्हतं. ते निव्वळ पाठ असलेलं म्हणत होते. आणि येतो का म्हणाले नाहीत, तेही आत्ता कळलं. परक्या पाण्याला ते कशाला येतो म्हणतील?

नानांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. दिसत नसलेले डोळे माझ्याकडे वळवून म्हणाले, "पर मंग… होडी कुनी फिरवली रे?"

दिगू मान खाली घालून उभा होता.

"तू येवढ्या पोरांला शिकवतूस. सांग की."

मी नाही सांगू शकलो. आजही नाही सांगू शकत. ज्या सहकाऱ्यांना विचारलं त्यांनी टेकाडांचा वारा, योगायोग, मोबाईलची चूक असं सगळं सांगून झालं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. खाली लिहायचं असेल त्यांनी जरूर लिहा. मी वाचेन. रफीकला सगळं सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "बोललो व्हतो ना, झूट नको," आणि पुढच्या येळवसेला शिडाला नवीन कापड लावायला घेतलं.

त्या दिवशी ऊन चढलं तसं मी नानांना म्हटलं, चला आता. ते माझा हात धरून उठले, पण लगेच निघाले नाहीत. हात सोडवून घेतला, खाली वाकले आणि झोपलेल्या पोराच्या पाठीवर थोपटावं तसं त्या भेगाळलेल्या मातीवर दोनदा थोपटलं.

"येतो बरं का," म्हणाले.